सदरा धड आहे

पोलिसांच्या फायलीत पहिल्या दिवशी माझ्या वहिनीविषयी तीन वाक्यं लिहिली गेली. तक्रारदार महिला शांत होती. तक्रारदार महिला रडली नाही. तक्रारदार महिलेने जमा केलेला सदरा धड आहे.

पहिली दोन वाक्यं खोटी नव्हती, नुसती निर्लज्ज होती. तिसऱ्या वाक्यानं मात्र दोन महिने आम्हाला पिळून काढलं.

वहिनी रफूगार. परक्या मुलखातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना आहे, तिथं मी अकरा वर्षं इस्त्रीवर आणि ती तीन वर्षं रफूवर. दादा आणि माझी भाची घरी, आम्ही दोघी इकडे एका खोलीत. नणंद-भावजय एका खोलीत म्हटलं की लोक भांड्यांचा आवाज ऐकायला कान लावतात. आमच्याकडे आवाज यायचा तो तिच्या गुणगुणण्याचा.

सुई चाले पुढं, दोरा चाले मागं
फाटल्याचं दुःख शिवणीला सांगं

वहिनीची रफू म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. खरं तर ज्यानं पाहिलं त्यालाही ठाऊक नाही, कारण दिसतच नाही. विडीनं जळलेला टेबलाचा कपडा, दारात अडकून फाटलेला पाहुण्याचा कोट, काहीही द्या. त्याच कपड्याची खालची दुमड उलगडून ती चार-चार दोरे सोडवून घेते, आणि एक वर एक खाली करत जिथं फाटलं तिथं नवं कापडच विणते. बाहेरचा दोरा घेत नाही. "परका दोरा धुतला की आटतो, वन्सं, आणि चुगली करतो," असं म्हणते. पाहुण्यांना कोट परत दिला की ते उलटसुलट करून विचारतात, "हा माझाच का? माझा तर फाटला होता."

तर त्या बुधवारी दुपारी तिला चौथ्या मजल्यावर बोलावणं आलं. पडदा उसवलाय, बघून जा. मजल्याचा मॅनेजर तिथंच होता. त्यानं तिला चादरींच्या कोठीत नेलं, मागून दार लावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द मी एकदाच लिहिते. साहेब लोकांनी तो तिच्याकडून अकरा वेळा वदवून घेतला, आणि अकराही वेळा चेहरा असा, जणू कोथिंबिरीची जुडी महाग वाटतेय.

तो निघून गेला. ती चादरींच्या टोपलीवर बसली. सदरा खांद्यापासून बगलेपर्यंत वीतभर फाटला होता. चौथ्या मजल्यावरून तळघरात, तळघरातून रस्त्यावर, रस्त्यावरून खोलीवर, पंधरा मिनिटांची वाट, आणि उघडा खांदा. शिवाय आमच्या कामाचा नियमच असा की फाटकं काही दाराबाहेर जात नाही. सुई तिच्या कमरेच्या पिशवीत असते, जशी कुणाच्या गळ्यात ताईत असतो. तिनं ती काढली, सदऱ्याची खालची दुमड उलगडली. दीड तास ती तिथं बसून सदरा रफू करत होती.

धंद्यातल्या माणसाकडूनच अशी चूक होते. दुसरी कुणी असती तर फाटका सदरा गुंडाळून पोलिसांच्या टेबलावर टाकला असता. माझ्या वहिनीनं तो नीट करून, घडी घालून नेला.

संध्याकाळी ती म्हणाली, "वन्सं, उद्या रजा टाका. पोलिसांत जायचंय." मग सगळं सांगितलं. मी सदरा हातात घेतला. अकरा वर्षं इस्त्री फिरवलेली बोटं आहेत माझी, डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांना लागतं. खांद्याखाली नवी रफू लागली. आणि त्याच दिवशी सकाळी तो सदरा मीच इस्त्री करून तिला दिला होता. तेव्हा तिथं रफू नव्हती.

हे मला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. का, ते पुढं येईल.

पोलीस ठाण्यात जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या होत्या, जणू आम्ही त्या उचलून पळणार. भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात, "तुम्ही एकट्या नाही." वहिनीनं मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "खरंच की. चौदा जणी बसल्यात."

तपास करणाऱ्या साहेबाचं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, आम्ही ते कधी घेतलं नाही. आम्ही त्याला जांभईसाहेब म्हणायचो. अशा माणसांबद्दल 'तसा वाईट नव्हता' म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. एका बोटानं टंकायचा, कोंबडी टिपते तसा. कोंबडीला निदान दाणा सापडतो.

मला त्यांची भाषा येते, म्हणून मधे मी.

"ओरडलात?" त्यानं विचारलं.

"ओरडले."

"कुणी ऐकलं?"

"नाही."

"मग ओरडला नसाल."

वहिनी मला म्हणाली, "त्यांना सांगा, चौथ्या मजल्यावर जाड गालिचे आहेत. तिथं माणसाला स्वतःची पावलं ऐकू येत नाहीत. लोक त्याच्यासाठीच तर तिथं उतरतात."

हे त्यानं लिहिलं नाही. "दार बंद होतं ना? मग आत कशा गेलात?"

"आत गेले तेव्हा उघडं होतं."

'दार उघडं होतं,' त्यानं टंकलं.

मग सदरा उलगडला. दिव्याखाली धरला, झटकला, आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही त्याला अंडं म्हणून दगड विकलाय. "हा तर धड आहे."

"मी शिवला," वहिनी म्हणाली.

"केव्हा?"

"तिथंच. झाल्यावर."

"किती वेळ?"

"दीड तास."

तो खुर्चीत मागे रेलला. मोठी जांभई दिली आणि जांभईतूनच बोलला. "म्हणजे असं घडल्यावर तुम्ही दीड तास निवांत शिवत बसलात."

निवांत. हा शब्द वहिनीला मी सांगितलाच नाही.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंडावरचे वळ बघून 'किरकोळ' असं लिहिलं. तपास चौथ्या मजल्यापर्यंत गेला, कॉफी प्यायला आणि परत आला. मॅनेजर म्हणाला, मी त्या बाईला ओळखतच नाही. त्यावर विश्वास ठेवणं सोपं होतं, कारण तळघरातल्या बाईला कोण ओळखतं? पासपोर्ट जमा करून घेतला, तो तिचा. तपास पुरा होईपर्यंत देश सोडायचा नाही, तो तिनं. मॅनेजरनं मात्र मधल्या काळात समुद्रावर आठ दिवसांची सुट्टी घेतली, आणि तांबूस होऊन परत आला.

वहिनीची रजा त्याच महिन्यात होती. तीन वर्षांनी घरी जाणार होती. पोर दहा वर्षांची झाली होती, फोनवर म्हणायची, "आई, मी आता तुझ्या खांद्याला लागते की नाही ते मोजायचंय." ते मोजणं राहिलं.

तिसऱ्या खेपेला जांभईसाहेबानं खणातून एक कागद काढला. 'मी केलेली तक्रार खोटी असून ती मी रागाच्या भरात केली.' खाली तारखेची रिकामी जागा, सहीची रिकामी जागा, आणि वर नावाची रिकामी जागा. छापील कागद. खणात तसल्या कागदांचा गठ्ठा होता.

"इतक्या बायका खोट्या बोलतात?" मी विचारलं.

"म्हणून तर छापून ठेवलेत," तो म्हणाला. "सही करा. पासपोर्ट घ्या. विमानात बसा. नाही केली, तर आम्ही न्यायालयाला सांगणार की तक्रार बंद करा आणि खोट्या तक्रारीचा खटला हिच्यावरच भरा. मग इथल्या तुरुंगात शिवत बसा. तिथं कपडे पुष्कळ फाटतात."

हा विनोद होता. शेजारच्या टेबलावरचा हसला.

आपल्या वकिलातीत गेलो. तिथला साहेब आपल्याच भाषेत बोलणारा, म्हणून जीव जरा सैल झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." पुढच्या खेपेला म्हणाला, "बघू या." तिसऱ्या खेपेला त्याच्या शिपायानंच सांगितलं, "साहेब बघताहेत." इतकं बघून त्या बिचाऱ्याचे डोळे गेले नाहीत, हेच नवल.

दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सही करून ये ना," दादा म्हणाला. "इथं कुणाला कळणार आहे?"

"कागदावर राहील," वहिनी म्हणाली.

"कागद तिकडे राहील. आपण इकडे."

"उद्या पोरीनं विचारलं, आई तू खोटं बोलली होतीस का, तर?"

"तिला कोण सांगायला जातंय?"

"मी," वहिनी म्हणाली. "मीच सांगणार आहे. काय झालं ते. मोठी झाली की."

दादा म्हणाला, "जरा तुझ्या वन्संना दे फोन." मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. दादा म्हणाला, "तू समजाव तिला." आणि मी, जिची दहाही बोटं त्या सदऱ्यावर फिरली ती मी, तिला समजवायला बसले. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं म्हणाले. मोठ्या माणसांशी वैर नको. पोरीकडे बघ. जे जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझं डोकं फिरलं असतं, ते ते सगळं मी म्हणाले.

कारण सांगते. माझा कामाचा परवाना हॉटेलच्या सहीनं दरवर्षी नवा होतो. सकाळी सदरा धड होता, मीच इस्त्री केला, असं बोलले असते तर त्या वर्षी सही झाली नसती. बाकी कारण नाही. जांभईसाहेबाला मी आळशी म्हणते ते ठीकच आहे, पण तो बिचारा निदान पगार घेऊन गप्प होता.

मग तो मंगळवार आला, कोटाचा. शुक्रवारची न्यायालयाची तारीख लागली होती.

आम्ही त्याच्या टेबलासमोर बसलो होतो. तो उठला, आणि गणवेशाचा कोट कपाटाच्या मुठीत अडकला. खर्रकन आवाज झाला. खिशापासून शिवणीपर्यंत चांगली चार बोटं फाटला. तासाभरानं त्याला वरच्या साहेबासमोर उभं राहायचं होतं. त्यानं फाटल्या जागेकडे बघितलं, मग वहिनीकडे बघितलं.

"तू हेच काम करतेस ना?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाईला खोटी ठरवायचा कागद टेबलावर पडलाय, आणि हा अंगातला कोट काढून तिच्यासमोर धरतोय, जणू आम्ही त्याच्या गल्लीतल्या शिंपिणी. "बसून तर आहेसच," तो म्हणाला.

वहिनीनं कोट घेतला. पिशवी उघडली. कोटाची खालची दुमड उलगडून दोरे सोडवले. तासभर त्या खोलीत कुणी प्रश्न विचारला नाही. दोन महिन्यांतला तेवढाच एक तास तिच्याशी कुणी उर्मट बोललं नाही. जांभईसाहेबानं डबा खाल्ला, फोनवर बायकोशी बोलला, आणि शेवटी कोट घालून आरशात उभा राहिला. "काय बाई आहे," म्हणाला. शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. "सांगा, कुठं फाटला होता?" त्यांनी शोधलं. त्यांना सापडलं नाही. तिघं हसले. मग त्यानं तोच छापील कागद पुढं सरकवला. "हं. आता सही."

"शुक्रवारी न्यायालयात काय ते होईल," वहिनी म्हणाली आणि सुई पुसून पिशवीत ठेवली.

रस्त्यावर मी तिच्या पुढं चार पावलं चालले. मग राहवेना. "लाज नाही वाटली? त्याचा कोट?"

"फाटला होता, वन्सं."

"अगं पण त्याचा!"

"हातांना काय कळतं, कुणाचा ते."

"तुझं हे असंच," मी म्हणाले. "कुणी काही देवो, मान खाली घालून घ्यायचं. अशी गरीब गाय झालीस म्हणूनच तर..."

मी थांबले. वहिनीही थांबली. दुकानाच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, तिच्या हातात पिशवी, माझ्या तोंडात ते अर्धं वाक्य.

"म्हणूनच तर काय, वन्सं?"

मी चालायला लागले. ती मागून आली. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की जांभईसाहेबाची खुर्ची काही फक्त त्या ठाण्यात नसते. ती घडीची असते. कुणीही काखेत मारून घरी नेऊ शकतं.

शुक्रवारी न्यायालयाच्या दारात पहारेकऱ्यानं वहिनीची पिशवी उपडी केली. सुयांची डबी काढून घेतली. टोकदार वस्तू आत चालत नाहीत. चिठ्ठी लिहून दिली, 'सुया, बारा.' आत जे चालतं ते सुईपेक्षा बोथट असतं आणि जास्त खोल जातं, पण त्याला बंदी नाही.

न्यायाधीश बाई होत्या. बाई आहेत म्हणून मी आशा धरली, आणि बसल्या बसल्या त्यांनी घड्याळ बघितलं म्हणून सोडली. आम्हाला मिळालेल्या सरकारी वकीलबाई तरुण होत्या, काखेत सहा फायली. आमची कुठली ते त्यांना दुसऱ्या प्रयत्नात सापडलं.

जांभईसाहेब उभा राहिला. इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट, अंगात तोच कोट. त्यानं वाचून दाखवलं. बाई शांत होती. बाई रडली नाही. पुढं एकदा रडली, तेव्हा ते नाटकी वाटलं. मग टेबलावरचा सदरा दोन बोटांनी उचलला. "आणि हा सदरा. धड आहे. बाई म्हणते फाटला होता, मी शिवला. मी सतरा वर्षं या खात्यात आहे. फाटलेलं कापड कितीही शिवलं तरी खूण राहतेच. फाटला असता तर मला दिसलं असतं."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. लिहायला लागल्या. लिहिता लिहिता, दार लावता लावता विचारतात तसं, विचारलं, "तक्रारदाराला काही सांगायचंय?"

वकीलबाईंनी वहिनीच्या दंडाला हात लावला, गप्प राहा म्हणून. वहिनी उठली. तिला त्यांची भाषा येते ती धुलाईखान्याची. हे धू, ते आण, कुठं फाटलंय दाखव. तेवढ्याच शब्दांत ती बोलली.

"साहेबांचा कोट फाटलाय. कुठं, दाखवा."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. जांभईसाहेबाला कळलं. त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"काय म्हणताहेत या?" न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं.

"काही नाही, बाईसाहेब."

"मंगळवारी फाटला," वहिनी म्हणाली. "तिथं, ठाण्यात. कपाटाला. मी शिवला. विचारा."

आता बघा त्याची अवस्था. नाही म्हणावं, तर शपथेवर खोटं, आणि मागच्या बाकावर तेच दोघं बसलेले ज्यांना बोलावून त्यानं स्वतः मिरवलं होतं. हो म्हणावं, तर चौकशीला बोलावलेल्या बाईकडून कोट शिवून घेतला. माणूस घाम पुसतो तसं त्यानं ओठ पुसले. जांभई आली नाही.

"किरकोळ होता," तो म्हणाला.

"कोट काढा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

कोट त्यांच्या टेबलावर गेला. त्यांनी चष्मा लावला. खिसा बघितला, उलटा केला, कारकुनाला दाखवला, कारकुनानं खिडकीशी नेऊन धरला. "नक्की फाटला होता?" त्यांनी विचारलं.

"हो," जांभईसाहेब म्हणाला.

"किती?"

त्यानं चार बोटं दाखवली.

"मला तर धड दिसतोय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तोच होता, कोरडा. पण घड्याळाकडे बघणं थांबलं होतं.

वहिनी पुढं झाली. तिनं कोटाची खालची दुमड उलटली आणि बोट ठेवलं. तिथं आतल्या बाजूला कापड विरळ होतं, दोरे काढलेले. मग सदऱ्याची दुमड उलटली. तिथंही तसंच, फक्त जास्त लांब, वीतभर. "इथून काढलं. इथं घातलं," ती म्हणाली, आणि सदऱ्याच्या खांद्याखालून बगलेपर्यंत बोट नेलं. सावकाश. ते बोट कुठून कुठं गेलं ते सगळ्यांनी बघितलं. हात घालून ओढल्याशिवाय कापड तसं फाटत नाही, हे सांगायला सतरा वर्षं खात्यात काढावी लागत नाहीत.

जांभईसाहेब सावरला. तसे ते सावरतातच. "ठीक आहे, शिवलाय. पण त्याच दिवशी फाटला कशावरून? जुना असेल. आधीच कधीतरी शिवला असेल. त्या दिवशी सकाळी हा धड होता असं सांगणारं कोण आहे?"

न्यायाधीशबाईंनी खोलीत नजर फिरवली.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही. ते मला जन्मभर पुरेल. तिला ठाऊक होतं, आणि तिनं वळून बघितलं नाही. मागणं नाही, रुसणं नाही, मंगळवारच्या अर्ध्या वाक्याचं उसनं फेडून घेणं नाही. पाठ तेवढी दिसत होती, आणि सरळ भांग.

मी उठले. "सकाळी मी इस्त्री केला," मी म्हणाले. "आठ वाजता. तिथं रफू नव्हती. संध्याकाळी होती."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"भ्याले," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. फायलीतलं तेवढं वाक्य मला कधी कुणी खोडायला सांगू नये.

आता कुणाला वाटेल, ढोल वाजले. तसं काही नाही. न्यायाधीशबाईंनी तक्रार बंद करायला नकार दिला, वहिनीवरचा खटला नामंजूर केला, मॅनेजरला बोलवा म्हणाल्या, आणि चार महिन्यांनंतरची तारीख दिली. पासपोर्ट तोवर तिथंच, कारण आता ती महत्त्वाची साक्षीदार. पोरीला खांदा मोजायला आणखी चार महिने. खात्यानं तातडीनं एक चौकशी बसवली खरी. ती जांभईसाहेबाच्या कोटाची. सरकारी गणवेश बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतल्याबद्दल. दोन महिने बाई ओरडत होती तेव्हा कुणाचे कान टवकारले नाहीत. कोटाचं नाव निघालं आणि अख्खं खातं जागं झालं.

बाहेर पडताना मी विचारलं, "ठरवून शिवलास ना त्याचा कोट? मला तरी सांगायचंस."

"छे," वहिनी म्हणाली. "फाटला होता म्हणून शिवला. तो म्हणाला ना, फाटला असता तर दिसलं असतं. तेव्हा राग आला."

"कशाचा?"

"कामाला नावं ठेवली म्हणून."

दारात तिनं चिठ्ठी दिली आणि सुयांची डबी परत घेतली. मी चार पायऱ्या उतरले तरी ती येईना. वळून बघितलं तर ती टेबलाशीच उभी, डबी उघडून मोजत.

"एक कमी आहे," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "बारा दिल्या. अकरा आहेत."

पहारेकरी हसला. "एका सुईसाठी थांबलात?"

"चिठ्ठीवर बारा लिहिलंय."

"पडली असेल कुठंतरी. जाऊ दे ना, बाई."

"तक्रार लिहून घ्या," वहिनी म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. ती नुसती उभी राहिली, पाय जमिनीत पेरल्यासारखी. मागे रांग लागली. पहारेकऱ्यानं इकडं तिकडं बघितलं, खणातून वही काढली आणि पेन उघडलं. मग तेच केलं जे त्याच्या खात्यात सगळे करतात. डोकं वर न करता विचारलं, "सुई होती, याला पुरावा काय?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग मला आवरेना, मग तिला आवरेना. रांगेतले लोक बघत राहिले, दोन बायका, एक टेबलाला आणि एक कठड्याला धरून, डोळे पुसताहेत.

मी पायऱ्या परत चढले, एक खुर्ची ओढली. ती जमिनीला ठोकलेली होती, हलली नाही. तशीच तिच्यावर बसले.

"लिहा," मी म्हणाले. "साक्षीदार आहे."